पाच दिवसांनंतर कुठे जायचे? घरातील हिंसाचार आणि सरकारी निधी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील या सदरात, घरातील हिंसाचार रोखण्यासाठी आणि तो सोसलेल्या स्त्रियांना आधार देण्यासाठी सरकार जो पैसा खर्च करते, त्याचा ओझरता उल्लेख आला होता. त्या एका परिच्छेदावर अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक पत्रे आली. समुपदेशनाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे उत्तरे देण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. पत्रलेखकांची नावे आणि गावे गाळली आहेत, कारण काही पत्रे ज्या घरांतून लिहिली गेली आहेत, त्या घरांत हे मासिकही येते.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. निर्भया निधीचे हजारो कोटींचे आकडे मी वर्तमानपत्रात वाचते. माझ्या वर्गातील एका मुलीची आई महिन्यातून दोनतीनदा मार खाते, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. तो पैसा त्या आईपर्यंत कोणत्या वाटेने पोचायला हवा आणि वाटेत तो कुठे अडतो?

उत्तर : बाई, तुमच्या प्रश्नातील ‘वाट’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटला, कारण या विषयावर बोलताना आपण बहुतेक वेळा उगमाच्या आकड्यापाशीच थांबतो.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर २०१३-१४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर झाला. वर्ष संपले म्हणून शिल्लक रक्कम परत जाणार नाही, अशी त्याची रचना आहे. २०२४-२५ पर्यंत या निधीत केलेली तरतूद ७,७०० कोटींच्या पुढे गेली आणि त्यापैकी साधारण पाऊण हिस्सा वितरित किंवा खर्च झाला. मात्र हा पैसा कशावर गेला, हे पाहिले की तुमच्या गल्लीतील आईपर्यंत तो का पोचत नाही, याचा अंदाज येतो. ११२ ही आपत्कालीन यंत्रणा, मुंबईसह आठ महानगरांतील ‘सुरक्षित शहर’ प्रकल्प, रेल्वे स्थानकांवरील कॅमेरे, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि जलदगती विशेष न्यायालये या सगळ्यांचा त्यात मोठा वाटा आहे. ही कामे गरजेची आहेत आणि मी त्यांना नावे ठेवणार नाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के आणि महाराष्ट्रातील २५.२ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसली आहे. ही हिंसा स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीत घडते, आणि तिथे कॅमेरा लावता येत नाही. तिथे माणूसच पोचावा लागतो, आणि माणसाचा पगार ही अर्थसंकल्पातील सर्वांत नावडती बाब असते.

याच निधीतून २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आणि १८१ ही महिला हेल्पलाइन चालते. देशात अशी ८०० हून अधिक केंद्रे आहेत. वैद्यकीय मदत, पोलिसांची मदत, कायदेशीर सल्ला, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा या पाचही गोष्टी एका छताखाली मिळाव्यात, असे त्यामागचे सूत्र आहे, आणि या केंद्रांचा खर्च पूर्णपणे केंद्र सरकारचा असतो. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी आखलेल्या ‘मिशन शक्ती’मध्ये या योजना ‘संबल’ या भागात घेतल्या गेल्या. निराधार स्त्रियांसाठीची जुनी स्वाधार गृहे आणि मानवी तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांसाठीची उज्ज्वला योजना (गॅसजोडणीची नव्हे) यांचे मिळून ‘शक्ती सदन’ झाले आणि ते ‘सामर्थ्य’ या दुसऱ्या भागात गेले. त्यात महाराष्ट्रासारख्या राज्याला ४० टक्के वाटा स्वतः उचलावा लागतो. याशिवाय संरक्षण अधिकारी, पोलीस ठाण्यांतील विशेष कक्ष, महिला राज्यगृहे हा राज्याचा स्वतःचा खर्च आहे.

आता अडते कुठे, हे सांगतो. पैसा हप्त्याने येतो आणि पुढचा हप्ता आधीच्या हप्त्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे तो पैसा ठरल्या कामी खर्च झाल्याच्या दाखल्यावर, अवलंबून असतो. एखाद्या केंद्रात समुपदेशकाचे पद वर्षभर रिकामे राहिले, तर त्या पदाचा पैसा खर्च होत नाही. खर्च झाला नाही म्हणून प्रमाणपत्र अपुरे राहते आणि ते अपुरे म्हणून पुढचा हप्ता लांबतो. हप्ता लांबला की भरलेल्या पदावरची माणसेही मानधनाअभावी सोडून जातात. जिथे माणसे कमी आहेत तिथेच पैसा कमी पोचतो, अशी ही उलटी व्यवस्था आहे, आणि तिच्यात कोणा एकाची लबाडी असावीच लागते असे नाही.

दुसरी अडचण मुळातली आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याने संरक्षण अधिकारी नावाचे पद निर्माण केले. पीडितेची हकिकत ऐकून घरगुती घटना अहवाल तयार करणे, तिला विधी साहाय्य मिळवून देणे, निवाऱ्यात पोचवणे, वैद्यकीय तपासणी करून घेणे, न्यायालयाच्या आदेशाची अंमलबजावणी पाहणे ही सारी कामे त्याच्याकडे दिली. परंतु या पदांसाठी केंद्राची स्वतंत्र योजना किंवा स्वतंत्र निधी या कायद्याबरोबर आला नाही. परिणामी अनेक ठिकाणी हे काम आधीच दहा कामे असलेल्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून गेले. या अंमलबजावणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २० मे २०२५ च्या आदेशाने न्यायालयाने राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमण्यास सांगितले. कायदा लागू होऊन जवळजवळ १९ वर्षे झाल्यावर हे सांगावे लागले, यावरून पैशाविना केलेल्या कायद्याची गती काय असते, ते कळते.

तुमच्या विद्यार्थिनीच्या आईसाठी मात्र या सगळ्याची वाट पाहू नका. त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे हिंसा घडली आहे, घडत आहे किंवा घडण्याची शक्यता आहे असे ज्याला सकारण वाटते, अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि प्रामाणिक हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. तरीही आधी त्या आईशी एकट्याने बोला आणि तिला विचारून पाऊल टाका. पालकसभा हे त्यासाठी चांगले निमित्त असते. तिच्या संमतीशिवाय दाराशी पोलीस उभे राहिले आणि दोन तासांनी निघून गेले, तर त्यानंतरची रात्र तिलाच काढावी लागते. त्याच सर्वेक्षणानुसार देशात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना कधी मदत मागितली, ना कोणाला सांगितले. तुमच्याशी ती बोलली, तर तेच तिचे पहिले पाऊल असेल.

प्रश्न : माझी धाकटी बहीण नवऱ्याच्या मारहाणीमुळे मध्यरात्री घर सोडून सखी केंद्रात गेली. तिथल्या ताईंनी फार आपुलकीने वागवले, पण पाच दिवसांनी दुसरीकडे जावे लागेल असे सांगितले. तिचा मोठा मुलगा १३ वर्षांचा आहे. त्याला निवाऱ्यात घेता येत नाही म्हणतात. माझे स्वतःचे घर दोन खोल्यांचे आहे आणि माझ्या सासरच्यांना हे पसंत नाही. आता आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, केंद्रातील कर्मचाऱ्यांनी तुम्हाला चुकीचे सांगितलेले नाही. सखी केंद्रातील निवारा जास्तीत जास्त पाच दिवसांचा असतो. त्यानंतर शक्ती सदन किंवा राज्यगृह हा पर्याय असतो. आईबरोबर मुली राहू शकतात, पण मुलगा १२ वर्षांपर्यंतचाच चालतो. त्याहून मोठ्या मुलाला बालकल्याण समितीमार्फत बालगृहात ठेवण्याचा मार्ग दाखवला जातो.

तुमचे पत्र वाचताना मला बऱ्याच वर्षांपूर्वीची एक पावसाळी रात्र आठवली. एका निवाऱ्याच्या व्हरांड्यात एक बाई तीन मुलांना घेऊन उभी होती. हातातल्या कापडी पिशवीत शिधापत्रिका, गॅसचे पुस्तक आणि मुलांचे शाळेचे दाखले होते. अशा वेळी कागद उचलण्याचे भान तिला राहिले, याचे मला तेव्हाही आश्चर्य वाटले होते. नियम ऐकल्यावर तिचा थोरला, असाच तेरा वर्षांचा मुलगा म्हणाला, “आई, तुम्ही आत जा, मी एस.टी. स्टँडवर झोपतो.” त्याच्या ओठांवर नुकतीच लव फुटत होती आणि डाव्या गालावर बापाच्या बोटांचे वळ होते. आम्ही त्या रात्री त्याची सोय केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती बाई तिन्ही मुलांना घेऊन सासरी परत गेली. मुलाला तोडून मला सुरक्षित राहायचे नाही, एवढेच ती म्हणाली. नोंदवहीत त्या प्रकरणापुढे ‘स्वेच्छेने घरी परत’ असे लिहिले गेले.

इतर स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी वयाची मर्यादा घातली जाते, हे मला मान्य आहे. पण त्यावरचा उपाय मुलाला आईपासून वेगळे करणे हा नाही. निवाऱ्याच्या खाटांसाठी जसा पैसा ठेवला जातो, तसा काही महिन्यांच्या घरभाड्यासाठी आणि अनामत रकमेसाठी ठेवला, तर अनेक स्त्रियांना निवाऱ्याची गरजच पडणार नाही. आपल्याकडे निधीची आखणी इमारत आणि खाट धरून होते. घर सोडून निघालेल्या आईची गरज मात्र एक खोली, एक चूल आणि मुलांची आहे ती शाळा चालू राहणे, ही असते.

सध्याच्या व्यवस्थेत तुमच्या बहिणीला जे मिळू शकते, ते असे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची कोणतीही अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. त्या वकिलामार्फत २००५ च्या कायद्याखाली अर्ज करून, त्यातच अंतरिम आदेशाची मागणी करावी. कलम १९ प्रमाणे न्यायदंडाधिकारी नवऱ्याला तिला घराबाहेर काढण्यास मनाई करू शकतात, प्रसंगी नवऱ्यालाच घराबाहेर राहण्यास सांगू शकतात, किंवा तशाच दर्जाच्या दुसऱ्या जागेची सोय करण्याचा वा तिचे भाडे देण्याचा आदेश देऊ शकतात. घर सासूसासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणून तिला तिथे राहण्याचा हक्कच नाही, असे कोणी म्हणाले तर वकिलाला सर्वोच्च न्यायालयाचा २०२० मधील सतीशचंद्र आहुजा प्रकरणातील निकाल दाखवायला सांगा. ती त्या घरात संसार करत होती हे महत्त्वाचे आहे. घर कोणाच्या नावावर आहे एवढ्यावर सगळे ठरत नाही. पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, म्हणूनच अंतरिम आदेशाचा आग्रह पहिल्याच तारखेला धरावा.

कोर्टातून पोटगी सुरू होईपर्यंतच्या काळासाठी तहसील कार्यालयातील संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या शाखेत अर्ज करा. घटस्फोटाच्या प्रक्रियेतील आणि अत्याचारित स्त्रिया या योजनेच्या लाभार्थी वर्गात येतात आणि दरमहा १,५०० रुपये मिळतात. मात्र कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २१,००० रुपयांची अट इतकी तोकडी आहे की दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करणारी बाईही तिच्यात बसणे कठीण, आणि ही अट कौटुंबिक हिंसेतून बाहेर पडलेल्या स्त्रियांपुरती तरी काढून टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्जही करता येतो. तिच्यात प्रत्येक पात्र मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि मूल आईजवळच राहते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात होतो आणि पात्रता बालकल्याण समितीसमोर ठरते. सखी केंद्रातील पाच दिवस हे सगळे अर्ज भरण्यासाठी वापरा. तिथल्या ताईंकडून घरगुती घटना अहवालाची प्रत आणि वैद्यकीय तपासणीची प्रत मिळाल्याशिवाय बहिणीला तिथून हलवू नका.

प्रश्न : ‘लाडकी बहीण’चे पैसे माझ्या खात्यात जमा होतात, पण ए.टी.एम. कार्ड नवऱ्याकडे असते. मागितले तर शिवीगाळ होते. ही तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे का?

उत्तर : नक्कीच आहे. कायद्याने किंवा रूढीने जो पैसा तुमचा आहे त्यापासून तुम्हाला वंचित ठेवणे म्हणजे आर्थिक छळ, आणि तो २००५ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक मारहाणीच्या बरोबरीने कौटुंबिक हिंसाचारात मोडतो. तक्रार करायची की नाही, हे तुम्ही सवडीने ठरवा. आधी एवढे करा : आधार कार्ड आणि पासबुक घेऊन बँकेच्या शाखेत जा, जुने कार्ड बंद करून नवे मागा, आणि खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक तुमच्या हातातला आहे ना, हे तपासा. त्यावरून घरात मारहाणीची भीती वाटत असेल, तर बँकेत जाण्यापूर्वी १८१ वर बोलून घ्या.

प्रश्न : नवऱ्याच्या मारहाणीत माझ्या भाचीचा हात मोडला. मनोधैर्य योजनेतून १० लाख रुपये मिळतात असे एकाने सांगितले व अर्ज भरून देण्यासाठी पैसेही मागितले.

उत्तर : त्याला एक रुपयाही देऊ नका. मनोधैर्य योजना २०१३ मध्ये सुरू झाली, ती बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी. कमाल मर्यादा १० लाखांची आहे आणि अर्जाला शुल्क नाही. हात मोडल्याच्या प्रकरणात तुमच्या भाचीला औषधोपचाराचा खर्च आणि बुडालेले उत्पन्न २००५ च्या कायद्याच्या कलम २० खाली, तर शारीरिक व मानसिक यातनांची भरपाई कलम २२ खाली नवऱ्याकडून मागता येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली, म्हणजे पूर्वीच्या ४९८-अ खाली, फौजदारी तक्रार हा वेगळा मार्ग आहेच. गुन्ह्यात बळी पडलेल्यांना राज्याकडून भरपाई देण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. तिचा लाभ होईल का, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. तिथे दलाल लागत नाही.

प्रश्न : मी एका छोट्या गावाचा सरपंच आहे. महिला व बालकल्याणाचा १० टक्के निधी आम्ही दरवर्षी शिलाई यंत्रे आणि हळदीकुंकवाच्या कार्यक्रमावर खर्च करतो. दारूपायी बायकांना मारहाण होते, हे दिसते. या निधीतून ती थांबवण्यासाठी काही करता येईल का? की हे फक्त पोलिसांचे काम?

उत्तर : सरपंच साहेब, हा प्रश्न एका सरपंचाकडून आला, याचा मला मनापासून आनंद झाला. हिंसा घडून गेल्यानंतरच्या मदतीसाठी थोडाफार पैसा असतो. ती घडू नये यासाठी मात्र जवळजवळ नसतोच, कारण न घडलेल्या घटनेचा फोटो काढता येत नाही आणि उद्‌घाटनही करता येत नाही.

तुमच्या हातातला निधी लहान आहे, पण तो गावातच ठरतो आणि गावातच खर्च होतो, हे त्याचे बळ आहे. नियमित ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावीच लागते. ती सह्यांपुरती न घेता, दुपारची कामे आटोपल्यावर, पुरुष बाहेर ठेवून घ्या आणि बायकांना विचारा की कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि कोणत्या जागी भीती वाटते. पगाराचा दिवस, बाजाराचा दिवस, यात्रा अशी उत्तरे येतील. त्या उत्तरांवरून गावाचा आराखडा बनवा. शाश्वत विकासाच्या नऊ विषयांपैकी ‘महिलास्नेही गाव’ हा एक विषय पंचायतीच्या विकास आराखड्यात घेता येतो, त्यामुळे खर्चाला आधार शोधावा लागत नाही.

काय करता येईल, ते अनुभवाने सांगतो. आशाताई आणि अंगणवाडीताई घरोघर जातात आणि कोणत्या घरात काय चालले आहे, हे त्यांना गावात सर्वांत आधी कळते. त्यांना एक-दोन दिवसांचे चांगले प्रशिक्षण द्या : काय विचारावे, काय विचारू नये, कोणाला कळवावे आणि गुप्तता कशी पाळावी. १८१, ११२ आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा क्रमांक रेशन दुकान, शाळा आणि पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर रंगवून घ्या. गिरणीची भिंत मुद्दाम सांगतो, कारण तिथे बाई एकटी थांबू शकते आणि का थांबली, असे तिला कोणी विचारत नाही. रात्री-अपरात्री बाईला दवाखान्यात किंवा सखी केंद्रात नेण्यासाठी गावातल्या दोन विश्वासू वाहनचालकांशी बोलून ठेवा, आणि त्या भाड्याची तरतूद ग्रामसभेच्या ठरावाने करा. जिल्ह्याचे सखी केंद्र ६०-७० किलोमीटरवर असते, आणि पहिल्या रात्रीचे भाडे खिशात नाही म्हणून कितीतरी बायका उंबरठ्यावरूनच मागे फिरतात.

मुलांशी आणि तरुणांशी बोलणे हे तितकेच महत्त्वाचे काम आहे. महाराष्ट्रात त्याची जुनी परंपरा आहे. १९९३ पासून ‘मावा’ ही पुरुषांची संघटना तरुणांबरोबर हिंसेविरुद्ध काम करत आली आहे, आणि २००८ मध्ये मुंबईच्या पालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर समानतेवरचा ‘जेम्स’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. एकदा भाषण ठोकून हे होत नाही. आठवड्याला एक तास, वर्षभर, तोच प्रशिक्षक, तीच मुले, असे सातत्य लागते. शिलाई यंत्रांच्या एका वर्षाच्या खर्चात तुमच्या गावच्या शाळेत असा वर्ग चालू शकेल. शिलाई यंत्रालाही माझा विरोध नाही. ज्या बाईकडे स्वतःची मिळकत आहे, तिला घराबाहेर पडण्याचे बळ मिळते. मात्र यंत्रावर कमावलेला पैसा तिच्याच हातात राहतो का, हे सहा महिन्यांनी जाऊन विचारणारा कोणीतरी हवा.

एक विनंती आहे. मारहाणीची तक्रार तंटामुक्त समितीच्या बैठकीत तडजोडीने मिटवू नका. बांधाचा वाद दोन शेतकऱ्यांमध्ये असतो, दोघेही बरोबरीने बसतात आणि बोलतात. ज्या बाईला त्याच रात्री त्याच घरात झोपायचे आहे, ती चार लोकांसमोर मोकळेपणाने कशी बोलणार? समितीने तिला संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोचवावे आणि तिच्या पाठीशी उभे राहावे, एवढेच करावे. गावाचा ठराव किती काम करू शकतो, हे कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याच्या ठरावाने दाखवले. त्या ठरावाची दखल घेऊन त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढले होते.

प्रश्न : माझे वय ७१ आहे. मुलगा दारू पिऊन अंगावर धावून येतो, पेन्शन हिसकावतो. हा कायदा फक्त सुनांसाठी आहे ना?

उत्तर : नाही, आजी. एकाच घरात राहणारी आई मुलाविरुद्ध २००५ च्या याच कायद्याखाली संरक्षण मागू शकते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरल हरसोरा प्रकरणात ‘प्रौढ पुरुष’ हे बंधनही काढून टाकले, त्यामुळे त्रास देणारी व्यक्ती स्त्री असली तरी तक्रार करता येते. शिवाय आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा निर्वाह कायदा आहे. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर आज संध्याकाळी, मुलगा घरात नसताना, एकदा बोला.

प्रश्न : मी तालुक्याच्या समुपदेशन केंद्रात कंत्राटी समुपदेशक आहे. सात महिन्यांचे मानधन थकले आहे. विचारले की ‘ग्रँट आली नाही’ असे उत्तर मिळते. आम्ही दोघी रिक्षाचे भाडे आणि झेरॉक्सचा खर्च पदरचा करतो. मधून मधून केंद्र बंद ठेवावे असे वाटते, पण मग त्या बायका कुठे जातील?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा वाचताना मला लाज वाटली. दुसऱ्या बाईला तिच्या आर्थिक हक्कांची जाणीव करून देणारी बाई स्वतः सात महिने बिनपगारी काम करते आहे, हा पीडितांसाठीच्या निधीचाच प्रश्न आहे, कारण त्या बाईच्या दृष्टीने तुम्हीच तो निधी आहात.

आपल्या राज्यात या कामाचा पाया भक्कम आहे. मुंबई पोलीस आयुक्तालयात १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने मिळून ‘दिलासा’ केंद्र उभे केले आणि रुग्णालयात आलेल्या जखमी बाईला ‘पायरीवरून पडले’ यापुढचा प्रश्न विचारायला डॉक्टर-परिचारिकांना शिकवले. हे दोन्ही प्रयोग टिकले आणि पसरले, कारण पुढे त्यांचा खर्च शासकीय यंत्रणेने आपला मानला. ज्या कामाला अर्थसंकल्पात स्वतःचे लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे स्वतंत्र खाते, मिळते, ते काम अधिकारी बदलला तरी चालू राहते. जे काम एखाद्या योजनेच्या मुदतीवर टांगलेले असते, ते दर पाच वर्षांनी नव्याने मरते. नोंदणीकृत सेवा पुरवठादार संस्थांचेही तेच. २००५ च्या कायद्याखाली त्यांची नोंदणी होते, पण नोंदणीबरोबर अनुदान मिळेलच, असे तो कायदा कुठेही म्हणत नाही.

‘ग्रँट आली नाही’ हे वाक्य तोंडी स्वीकारू नका. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचे शुल्क भरून चार गोष्टी लेखी विचारा : चालू वर्षात तुमच्या केंद्रासाठी किती तरतूद मंजूर झाली, त्यापैकी किती रक्कम कोणत्या तारखेला जिल्ह्यापर्यंत आली, मागच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र कोणत्या तारखेला वर पाठवले, आणि मंजूर पदे किती व भरलेली किती. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. बहुतेक वेळा असे दिसते की पैसा मुंबईत अडलेला नसतो, एखादे प्रमाणपत्र एका टेबलावर सहीविना पडलेले असते. तसे आढळले तर प्रश्न आठ दिवसांत सुटू शकतो. तरतूदच अपुरी असेल, तर तुमच्या आमदारांना भेटा, कारण अधिवेशनातील एक तारांकित प्रश्न आणि पुरवणी मागण्यांतील एक ओळ हे त्यांच्या हातातले आहे. जिल्हा वार्षिक योजनेतही महिला व बालविकासासाठी ३ टक्के निधी राखून ठेवलेला असतो. तुमच्या केंद्राची गरज त्या प्रस्तावात आली आहे का, हे मार्चअखेरीस विचारून उपयोग नाही, ते प्रस्ताव बनतानाच पाहायला हवे.

पदरच्या खर्चाची वही ठेवा. तारीख, कुठून कुठे, किती रुपये, कोणत्या प्रकरणासाठी. प्रकरणाचा क्रमांक लिहा, बाईचे नाव नको. वरच्या कार्यालयाकडे जाणाऱ्या अहवालात ‘प्राप्त प्रकरणे’ आणि ‘निकाली प्रकरणे’ एवढेच रकाने असतात. एका प्रकरणासाठी तुम्ही कोर्टात किती चकरा मारल्या, रात्री किती फोन घेतले, यासाठी रकाना नसतो, आणि ज्याला रकाना नाही त्याला पैसाही मिळत नाही. सहा महिन्यांच्या वहीची बेरीज करून ती पुढच्या प्रस्तावाला जोडा.

राहिले केंद्र बंद ठेवण्याचे. तुम्ही दोघींनी आणखी किती काळ असे ओढावे, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. बंद ठेवायचेच झाले, तर त्याचे ओझे त्या बायकांवर किंवा तुमच्या मनावर येऊ नये, अशा रीतीने करा. पंधरा दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. चालू प्रकरणांपैकी ज्या बायकांच्या जिवाला धोका आहे, त्यांची यादी बंद पाकिटात संरक्षण अधिकाऱ्याच्या हाती द्या आणि पोच घ्या. त्या प्रत्येकीशी स्वतः बोलून १८१ आणि सखी केंद्राचा क्रमांक तिच्या मोबाइलमध्ये एखाद्या मैत्रिणीच्या नावाने साठवून द्या. जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या पत्राची एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडेही पोचवा. तुमच्या ज्या बायकांच्या तारखा त्या पंधरा दिवसांत आहेत, त्यांच्यासोबत कोर्टात कोण उभे राहणार, हे विचारणारे एक तरी माणूस न्यायालयाच्या आवारात असायला हवे.